नळीवरचा नंबर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

लायसन हातात आलं. अडीच वर्षं चकरा मारल्या, पण कुणाच्या हातावर चहाचा कपसुद्धा ठेवला नाही. प्रत्येक वेळी लेखी अर्ज, प्रत्येक अर्जाची पोच. आमचे वडील सांगायचे, "आपल्या माणसाच्या तोंडी शब्दाला कुणी विचारत नाही. कागद दे, शिक्का घे." त्या शिक्क्यांची फाइल आता उशीएवढी जाड झाली आहे.

चादरीचा कारखाना दिवाळीत बंद पडल्यापासून मी घरी बसून आहे. बावीस वर्षं काठी घेऊन त्या गेटवर उभा होतो. आता पतसंस्थेला गनमॅन पाहिजे. चेअरमन म्हणाले, "धर्मपाल, स्वतःची बंदूक घेऊन ये. एक एप्रिलला हजर हो. नाही आलास तर दुसरा माणूस तयार आहे." लायसनवर बंदूक चढवायची मुदत ३१ मार्च. त्यात ३१ ला ईद, ३० ला पाडवा, २९ ला शनिवार. म्हणजे खरी मुदत २८ तारीख. या वयात दुसरं काम कोण देतंय? हे गेलं की संपलंच.

नवी बंदूक आपल्या आवाक्यात नाही. जुनी शोधावी लागेल असं जेवताना म्हणालो, तर पूनम वाढता वाढता म्हणाली, "दादा, आईकडं आप्पांची एक हाय की."

पूनम म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, रत्नदीपची बायको. धनगराची पोर. सोळा वर्षांपूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा तिचे वडील बिरप्पा आमच्या घरावर चालून येणार, रत्नदीपला जिवंत ठेवणार नाहीत, असं सगळी गल्ली म्हणत होती. कुणी आलं नाही, गेलं नाही. माणूस बोलतो एक आणि करतो एक. बिरप्पा वारून तीन वर्षं झाली. तेव्हापासून पूनमचं माहेरी जाणं-येणं सुरू झालं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पूनमला घेऊन होटगीच्या पुढं त्यांच्या वस्तीवर गेलो. म्हातारी केराबाई एकटीच होती. मुलगा धनाजी मेंढरं घेऊन भीमेकडं गेलाय, तो पावसाळ्यालाच परतणार.

मी आधी पाऊसपाणी, शेळ्या, गुडघेदुखी असं बोलत बसलो. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय. म्हातारीच म्हणाली, "पाव्हणं, पूनमनं सांगितलंय मला. बंदुकीसाठीच आलायसा न्हवं?" उठली, मागच्या शेळ्यांच्या सपरात गेली. मी मागोमाग निघालो तर म्हणाली, "तुमी बसा हितंच." बऱ्याच वेळानं आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, वर सुतळी, त्यावर भुसकट चिकटलेलं.

दुनळी, बारा बोअरची. दस्त्याला वाळवी नाही, नळ्या आतून आरशासारख्या. मी होमगार्डमध्ये होतो, मला कळतं. कुणी तरी दरवर्षी तेल दिलेलं आहे. विचारलं तर म्हातारी म्हणाली, "म्याच देत हुते. गोडं तेल. पर एकदा बी वाजली न्हाय बगा. म्या वाजू दिली न्हाय." बायकांना वस्तू जपायचं कौतुक असतंच.

लायसनचं बुक मागितलं. "त्ये ठाण्यात ठिवून घेतलं."

"बिरप्पा गेल्यावर?"

"न्हाय, लई आदी."

म्हातारीचा काळवेळेचा हिशोब काही खरा नाही. मालक वारल्यावर बंदूक ठाण्यात जमा करायची असते हे तिला माहीत नसणार, एवढाच दोष. तो मी रीतसर दुरुस्त करून घेईन.

पैशाचं काढलं तर तिनं कानावर हात ठेवले. "पोरगी नांदवलीसा माजी. एक दिस उपाशी ठिवली न्हाय. तुमच्या पोटापाण्याच्या कामाला येतीया तर घिऊन जावा." मला भरून आलं, खोटं कशाला लिहू. पण बंदूक घेतली नाही. म्हटलं, कागद होईपर्यंत मी हात लावणार नाही, तुमच्याकडंच राहू द्या. नंबर तेवढा लिहून घेतला.

येताना पूनम म्हणाली, "आज घेतली असती तर?" तिला समजावलं, कायदा असा चालत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आयुक्तालयात शस्त्र शाखेत गेलो. तिथला कारकून म्हणाला, "बुक नाही म्हणता? मग नंबर तपासून घ्या आधी. चोरीची निघाली तर विकणारा आत आणि घेणाराही आत." त्या वस्तीच्या हद्दीच्या ठाण्यात जाऊन चौकशी करा म्हणाला.

बरोबर आहे. आपल्या माणसांचीच बंदूक असली तरी तपासायला काय हरकत? सोनंसुद्धा आपण कसाला लावूनच घेतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज दिला. पाच वेळा खाडाखोड करून सहाव्यांदा सुवाच्य लिहिला. "विषय : जुनी बंदूक चोरीची आहे किंवा कसे याची खात्री करून मिळणेबाबत." खाली कंपनी, बोअर, नंबर, "सदर बंदूक कै. बिरप्पा यांच्या पत्नी श्रीमती केराबाई यांचे राहते घरी, मागील सपरात, त्यांचे ताब्यात असून अर्जदाराने ती समक्ष पाहिली आहे." काही लपवलं नाही. अर्धवट अर्ज परत येतो, हा माझा अनुभव.

टेबलावरच्या पोरीनं न वाचताच आवकचा शिक्का मारला. मी दुसऱ्या प्रतीवरही मारून घेतला. आवक क्रमांक ४१७. फार बरं वाटलं. घरी येऊन हिला दाखवला तर ही म्हणाली, "शिक्क्याची भाजी करू का आता?" हिला कळत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. नळाला आज पाचव्या दिवशी पाणी.

पतसंस्थेवरून गेलो. गेटवर खुर्ची ठेवतात तिथं लिंबाची सावली येते. बसायला चांगली जागा आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ठाण्यात गेलो. जुन्या रजिस्टरांवर राजशेखर नावाचे हवालदार आहेत, अक्कलकोटकडचे, दीड वर्षात रिटायर होणार. माझं नाव ऐकताच उठले, मला धरून बाहेर चहाच्या टपरीवर नेलं. बराच वेळ बशीतच फुंकत बसले.

"काय केलाव हो तुमी?" म्हणाले. "लिहून कशाला दिलाव? मला येऊन तोंडी विचारायचं की. नंबर चिठ्ठीवर आणायचा, मी रजिस्टर बघतो, तुम्हाला सांगतो, चिठ्ठी फाडून टाकतो. सगळे असंच करतेत."

मी म्हटलं, मग त्याला पुरावा काय?

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग सांगितलं. बंदूक चोरीची आहे. २१ मे २००९ ला तक्रार. घरातून दुनळी बंदूक चोरीस गेली. नंबर तोच. आणि तक्रार देणारा दुसरा कुणी नाही, खुद्द बिरप्पा. तेव्हाच लायसन रद्द करून बुक जमा करून घेतलं.

"स्वतःच चोरीची तक्रार दिली आणि बंदूक स्वतःच्याच घरात?"

"तेच साहेबांनी विचारलं मला. तुमचा अर्ज त्यांच्या टेबलावर हाय. सोळा वर्षं बिगर लायसनची बंदूक घरात ठेवली म्हातारीनं. कुठं ठेवली ते पण तुमीच लिहून दिलाव."

अर्ज परत मागितला. म्हणाले, "आवक झालंय. आवक झालेला कागद परत जात नाही. तुम्हाला तर माहीत असायला पाहिजे."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून डोकं तापलं आहे. म्हातारीनं मला फसवलं. बिरप्पा बेरकी असणार. काही तरी लफडं केलं असेल, बंदूक लपवली आणि चोरी झाली म्हणून बोंब मारली. मेला तो सुटला, आणि हिनं ती ब्याद माझ्या गळ्यात बांधायला काढली. वर फुकट देते म्हणाली. फुकटचं काही घेऊ नये.

२००९ चा मे म्हणजे रत्नदीपच्या लग्नाचाच महिना. तेव्हा आम्ही भीतीनं दारं लावून बसलो होतो, रत्नदीप आणि पूनमला गुलबर्ग्याला मावशीकडं धाडलं होतं. बिरप्पाकडं काय चोरी झाली न् काय नाही, कुणाला पत्ता असणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

म्हातारीला जाऊन सांगावं का? दोन दिवस हाच विचार. सांगितलं तर ती बंदूक विहिरीत टाकेल. मग पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा, आणि सांगणारा म्हणून माझंही नाव. आणि असंही आहे की रीतसर चौकशी झाली, म्हाताऱ्या बाईला समज देऊन सोडली, बंदूक सापडली अशी नोंद झाली, तर नंबर मोकळा होतो. मग ती कायदेशीर माझ्या नावावर चढू शकते. अजून एक महिना आहे.

पूनमला काही बोललो नाही. उगाच तिचा जीव टांगणीला कशाला.

५ मार्च, बुधवार

काल सकाळी दहाला पोलिस वस्तीवर गेले. मागच्या सपरात सरळ गेले म्हणे, कुठं काही उचकावं लागलं नाही. केराबाईला अटक केली. शेळ्या बांधलेल्याच राहिल्या, शेजारणीनं पूनमला फोन केला तेव्हा आम्हाला कळलं.

पूनम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, पोलिसांना सपर कुणी सांगितलं?"

मी फाइल काढून अर्जाची प्रत दाखवली. का दाखवली कुणास ठाऊक. लपवण्यासारखं त्यात काही नाही असं मला वाटलं. तिनं उभ्यानंच वाचली, घडी घालून माझ्या हातात दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ मार्च, गुरुवार

ठाण्यात बोलावून माझा जबाब घेतला. बंदूक तिच्याकडं पाहिली नाही असं म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण माझ्या सहीचा कागद समोरच होता. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखे नागरिक पाहिजेत." जबाबाखाली सही केली. 

कोठडी लांबून दिसली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. काही सांगायला तयार नाही. चोरी कुणी केली, बंदूक कुठं होती, सगळ्याला एकच उत्तर : "म्या ठिवली हुती. माजी चूक."

८ मार्च, शनिवार

आज रत्नदीप माझ्याशी बोलला. तीन दिवस तोंड फिरवून होता. मागच्या वर्षी केराबाईनं पूनमला सांगितलं होतं, पूनमनं त्याला. मलाच कुणी सांगितलं नव्हतं. ती जुनी तक्रार ठाण्यात अजून उघडी असेल असं दोघांच्या मनातही आलं नव्हतं.

ते गुलबर्ग्याला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्ता बिरप्पाला लागला होता. संध्याकाळी घरी येऊन त्यानं बंदूक पुसली, दोन काडतुसं काढून देवापुढं ठेवली, अंगारा लावला. पहाटेच्या गाडीनं निघणार होता. केराबाईनं भाकरी थापता थापता सगळं बघितलं. तो अंघोळीला गेला तेवढ्यात तिनं बंदूक उचलली आणि सपरात भुसकटाखाली पुरली. चोरी झाली म्हणून तिनंच पहिली बोंब मारली.

बिरप्पा तक्रार द्यायला गेला. बंदूक हरवली म्हणजे मालकावरच संशय. दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवलं, मारलंही. तो परत आला तो खाली मान घालूनच. पुन्हा गुलबर्ग्याचं नाव काढलं नाही. केराबाई त्याच्या पाठीला हळद लावत होती आणि बंदूक तिथंच, दहा हातांवर होती. तेरा वर्षं तिनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ती पुन्हा भरली असती.

रत्नदीप म्हणाला, "दादा, मी आज जिवंत आहे तो त्या बंदुकीला लुगड्यात गुंडाळलं म्हणून."

मी दारं लावून बसलो होतो, त्याचं पुण्य मी स्वतःच्या खात्यावर धरत होतो. इतकी वर्षं.

१२ मार्च, बुधवार

वकील केला. तो म्हणाला, "सोपं आहे. बाईनं कोर्टात सांगावं, नवरा खून करायला निघाला होता, जीव वाचवायला मी बंदूक लपवली. कुठलाही जज विचार करेल." मला हुरूप आला. पूनम भेटून आली.

म्हातारी ऐकत नाही. "मेलेल्या मानसाला खुनी म्हनू व्हय कोर्टात? त्येनं माजी काय चोरी केली? चोरी म्या केली त्येची. मार बी त्येनंच खाल्ला."

मी ठाण्यात दुसरा अर्ज घेऊन गेलो. खरी हकीकत सगळी लिहिली. राजशेखरांनी वाचला आणि आवकच्या टेबलाकडं जाऊच दिलं नाही. "ऐकीव गोष्ट हाय ही. तुमचा पहिला जबाब डोळ्यांनी बघितलेला. कोर्टात तोच चालतो." आणि म्हणाले, "आता पुरे करा की हो लिहिणं."

मी तो अर्ज घरी आणला. फाइलमध्ये लावला नाही.

२० मार्च, गुरुवार

जामीन फेटाळला. सरकारी वकील म्हणाले, हत्यार सोळा वर्षं बेपत्ता होतं, या काळात ते कुठं वापरलं गेलं का याचा तपास बाकी आहे. बंदूक प्रयोगशाळेत पाठवली आहे. अहवाल यायला तीन महिने लागोत नाहीतर सहा. एकदाही न वाजलेली बंदूक वाजली नव्हती हे सांगायला सरकारला सहा महिने पाहिजेत.

मी जामीनदार राहायला तयार आहे म्हणालो. वकील हसला. "तुम्ही सरकारी साक्षीदार. तुम्ही कसे जामीनदार?" वरच्या कोर्टात जाऊ म्हणाला, पण त्याच्या आवाजातच जोर नव्हता. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर दुसऱ्याला ढकलून चढवली.

धनाजी भीमेकाठची मेंढरं पाहुण्यांच्या हवाली करून आला. कोर्टाबाहेर माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं मारेल. मारलं नाही. "तुमच्या घरातलं मानूस वाचवलं तिनं," एवढंच बोलून गेला.

२१ मार्च, शुक्रवार

पूनम मुलांना घेऊन वस्तीवर राहायला गेली. शेळ्या बघायला कुणी नाही, हे कारण. रत्नदीपही रोज तिकडूनच कामावर जाणार. भांडी वाटून घेतली नाहीत, पण तिचा तवा घेऊन गेली. स्वयंपाकघरात त्याची जागा मोकळी आहे.

ही माझ्याशी कामापुरतं बोलते.

२८ मार्च, शुक्रवार

शस्त्र शाखेतून पत्र. चोरीच्या शस्त्राच्या प्रकरणात अर्जदाराचं नाव आल्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत लायसन स्थगित. पत्रावर जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, सगळं रीतसर आहे. माझी काही तक्रार असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.

चेअरमनना जाऊन सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं. सांगोल्याकडचा एक माजी सैनिक घेतला आहे. चांगला माणूस वाटला, मला नमस्कार केला त्यानं.

३ एप्रिल, गुरुवार

ऊन फार. कुठं गेलो नाही.

आज मनाशी खूप शोधलं, नेमकं चुकलं कुठं. तपासायला नको होतं का? तपासायला तर हवंच होतं. लिहून द्यायला नको होतं? पण लिहून दिल्याशिवाय आमच्यासारख्याला कुणी विचारलं असतं? नुसता नंबर लिहिला असता, सपर लिहिलं नसतं, तरी चाललं असतं. २४ फेब्रुवारीला परस्पर वस्तीवर गेलो असतो, तरी चाललं असतं. आठ दिवस होते हातात. त्या आठ दिवसांचं काय करू? बंदूक आपल्याला मिळेल म्हणून मी गप्प बसलो. हे कुठल्याच जबाबात नाही, इथंच लिहून ठेवतो.

१६ एप्रिल, बुधवार

तारीख होती. अहवाल आला नाही. दोन मिनिटांत कोठडी वाढवली, म्हातारीला आत नेलं काय आणि बाहेर आणलं काय. पूनम आणि धनाजी एका बाजूला, मी वडाखाली दुसऱ्या बाजूला. म्हातारी फार वाळली आहे. चपला मोठ्या होत होत्या पायाला, कुणाच्या तरी दिलेल्या.

गाडीची पायरी उंच. तिचा गुडघा वर जाईना. मी पुढं होऊन हात दिला, तर पोलिस बाई म्हणाल्या, "साक्षीदार ना तुम्ही? आरोपीला हात लावायचा नाही." मी हात मागं घेतला. पोलिस बाईंनीच मग तिला काखेत धरून चढवली.

जाळीतून तिनं मला बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि देवो, असंच वाटत होतं. ती जाळीला बोटं अडकवून जवळ आली.

"पाव्हणं, नोकरी लागली का तुमची?"

पूनम ऐकत होती, धनाजी ऐकत होता. मी म्हणालो, "व्हय, लागली की मावशी."

"मग बरं झालं," म्हातारी म्हणाली. "लई काळजी लागली हुती मला त्येची."